माझा अनुभव : काउंटीच्या सोडतीत लागलेलं घर

मे २०२२ मध्ये एका संध्याकाळी कामावरून परतले, तर दाराखालून एक पाकीट आत सरकवलेलं होतं. नव्या करारात भाडं महिन्याला २८० डॉलरने वाढणार, मान्य नसेल तर करार संपल्यावर जागा सोडावी. बिल्डिंग तीच, गळका नळ तोच, मालक कंपनी तेवढी नवी. त्या रात्री नवरा आणि मी वही घेऊन बसलो. भाडं, गाडीचा हप्ता, मुलीचा पाळणाघराचा खर्च, ठाण्याला आईच्या औषधांसाठी पाठवायचे पैसे. वजाबाकी कशीही केली तरी हातात काही उरेना.

आम्ही अमेरिकेत मेरीलँड राज्यात, माँटगोमेरी काउंटीत राहतो. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. वॉशिंग्टनला लागूनच आहे. मी इथल्या सरकारी शाळेत वर्गात मदतनीस आहे, नवरा एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. दोघांच्या पगारात पोट भरतं, पण आसपासच्या घरांच्या किमती ऐकल्या की विषय तिथेच संपायचा. आपल्याकडे अमेरिकेतला माणूस म्हटलं की बंगला आणि दोन गाड्या डोळ्यासमोर येतात. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांत मात्र भाड्याची नोटीस आली की झोप उडते. त्याबद्दल मंडळाच्या गणपतीत कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितेय.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी विचारलं, "एमपीडीयूसाठी नाव घातलंस का?" मॉडरेटली प्राइस्ड ड्वेलिंग युनिट, म्हणजे मध्यम उत्पन्नवाल्यांना परवडेल अशा किमतीत मिळणारं घर. मला आठवली ती म्हाडाची सोडत. बाबा बँकेतून फॉर्म आणायचे, अनामत भरायचे आणि निकालाच्या दिवशी पेपरातल्या आकड्यांवरून बोट फिरवत बसायचे. तीनदा भरला, तीनदा अनामत परत आली. त्यामुळे सोडत म्हटलं की माझा विश्वासच बसत नव्हता. तरी नाव घातलं.

सुरुवात माहितीच्या वर्गापासून होते. तो काउंटीच्या गृहनिर्माण विभागाचा. मग पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठीचा वर्ग. त्यात क्रेडिट स्कोअर कसा सुधारायचा, व्याजदर म्हणजे काय, घराची तपासणी का करून घ्यायची, असं सगळं शिकवतात, तेही फुकट. हा वर्ग कोणीही टाळू नये. क्रेडिट कार्डावर उधारी किती ठेवायची हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं, आणि सहा महिन्यांत आमचा स्कोअर चांगलाच वर गेला. अटी अशा की गेल्या ५ वर्षांत नावावर घर नसावं, उत्पन्न त्या वर्षीच्या मर्यादेच्या आत असावं (ही मर्यादा या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या सुमारे ७० टक्के धरतात आणि कुटुंबात माणसं किती यावर बदलते) आणि तरीही कर्ज फेडण्याइतकी कमाई असावी. म्हणजे फार कमावलं तर बाद, फार कमी कमावलं तरी बाद.

आमचं घोडं अडलं ते बँकेच्या पत्रावर. अर्जासोबत कर्ज देणाऱ्या संस्थेचं पूर्वमंजुरीचं पत्र लागतं. ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी नवऱ्याचा वर्षभराचा ओव्हरटाइम कायमचा पगार म्हणून धरला. कागदावर आमचं उत्पन्न मर्यादेच्या पार निघालं. ओव्हरटाइम त्या वर्षीच्या जादा कामापुरताच होता, हे तीन वेळा सांगितलं, मालकाचं पत्र नेऊन दिलं. उत्तर यायला पाच आठवडे, मग दुरुस्त पत्रात मुलीचं नावच गाळलेलं, म्हणजे कुटुंब दोघांचं आणि मर्यादा अजून खाली. शेवटी संस्थाच बदलली. सप्टेंबरात मिळायला हवं होतं ते पात्रतेचं प्रमाणपत्र हातात पडलं जानेवारी २०२३ मध्ये. तेव्हापासून जो कोणी विचारतो त्याला मी सांगते : तीन वर्षांची कर विवरणं, दोघांच्या पगाराच्या ताज्या पावत्या, बँकेची स्टेटमेंटं, आणि ओव्हरटाइम किंवा बोनस असेल तर तो कायमचा नाही असं मालकाच्या सहीचं पत्र, हे सगळं एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवा.

त्या माहितीच्या वर्गात मला एक प्रश्न पडला होता. बिल्डर ही स्वस्त घरं बांधतोच का? सक्ती आहे म्हणून, हे उत्तर मिळालं. पण ती सक्ती करायचा अधिकार काउंटीला कुठून आला, हे कळल्यावर मी चकित झाले.

आपल्याकडे जिल्हा परिषद म्हटल्यावर जे चित्र उभं राहतं, ते इथल्या काउंटीला लागू पडत नाही. आमच्या काउंटीतलं जर्मनटाउन हे एवढं मोठं गाव, पण त्याला स्वतःची नगरपालिकाच नाही. जमिनीचा वापर, शाळा, पोलीस, सगळं काउंटीकडे. माँटगोमेरीने १९४८ मध्ये स्वतःची सनद मंजूर करून घेतली, तेव्हापासून स्थानिक कायदे करायचा अधिकार तिच्या निवडून आलेल्या कौन्सिलकडे आहे. पोटोमॅक नदीच्या पलीकडे व्हर्जिनिया राज्य. तिथे फेअरफॅक्स काउंटीने १९७१ मध्ये असाच नियम केला होता, बिल्डरने काही घरं कमी किमतीची द्यावीत म्हणून. १९७३ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. राज्याने असा अधिकार काउंटीला दिलेलाच नाही, आणि मोबदला न देता मालकाची मालमत्ता घेतल्यासारखं हे झालं, असं न्यायालयाचं म्हणणं. फेअरफॅक्सला पुन्हा तसा नियम करायला १९९० उजाडलं, तेही राज्याने कायद्यात तशी मुभा दिल्यावर.

माँटगोमेरीने नदीपलीकडचा तो निकाल पाहिला आणि नियमातच मोबदला घातला. बिल्डरने ठरावीक वाटा परवडणारा ठेवायचा, बदल्यात त्याच जमिनीवर नेहमीपेक्षा जास्त घरं बांधायची परवानगी घ्यायची. महिला मतदारांच्या संघटनेने, लीग ऑफ विमेन व्होटर्सने, यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. काउंटीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी नकाराधिकार वापरला, कौन्सिलने तो मोडून काढला, आणि १९७४ पासून कायदा लागू झाला. आज २० किंवा अधिक घरांच्या प्रकल्पात १२.५ ते १५ टक्के घरं अशी द्यावी लागतात. किंमत काउंटी ठरवते, बांधकामाच्या खर्चावरून. जमिनीचा भाव त्यात धरत नाहीत, कारण ती भरपाई बिल्डरला जादा घरांतून मिळालेली असते. आमच्या घराची किंमत शेजारच्या घराच्या निम्म्याहूनही कमी का, याचं उत्तर हे आहे. कोणी आमच्यावर उपकार केलेले नाहीत.

प्रमाणपत्र मिळालं की नवीन घरं निघाल्याचे ईमेल येऊ लागतात. जागा बघून यायची, मुदतीत सोडतीला नाव द्यायचं. ही सोडत निव्वळ नशिबावर नसते, हे मला फार आवडलं. काउंटीत राहता त्याचा गुण, काउंटीत काम करता त्याचा गुण, आणि यादीत जितकी वर्षं वाट पाहिली त्याचे तीनपर्यंत गुण. गुण सारखे असतील त्यांच्यात मग चिठ्ठी. बाबांच्या वेळी तीन वर्षं वाट पाहणारा आणि काल फॉर्म भरलेला, दोघं एकाच हंडीत होते.

पहिल्या सोडतीत चार घरं होती, आमचा क्रमांक एकतीस. दुसऱ्यात सहा घरं, आम्ही अकरावे. वरच्यांपैकी कोणी माघार घेईल म्हणून दोन आठवडे फोन उशाशी घेऊन झोपले, पण आमच्या आधीच यादी संपली. मधल्या काळात, जुलै २०२३ मध्ये, कौन्सिलने भाडेवाढीवर मर्यादा घालणारा कायदा केला : वर्षाला महागाई अधिक ३ टक्के किंवा ६ टक्के, जे कमी असेल ते. नव्या इमारतींना २३ वर्षं सूट आहे, पण आमची बिल्डिंग जुनी. २८० डॉलरची उडी पुन्हा बसणार नाही एवढी तरी खात्री झाली आणि वाट बघायला बळ आलं. यादीतलं एक वर्ष भरल्याचा गुणही मिळाला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात क्लार्क्सबर्गकडच्या एका प्रकल्पात आमचा क्रमांक आला तिसरा. घरं पाच. मी शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ईमेल वाचला आणि पहिला फोन आईला लावला. तिकडे मध्यरात्र होऊन गेली होती. ती एवढंच म्हणाली, "ह्यांना सांगायला हवं होतं गं."

घर तीन मजली टाउनहाउस आहे. शेजारच्या घरांपेक्षा अरुंद, गॅरेज नाही, स्वयंपाकघराचा ओटा साधा. पण रस्ता तोच, शाळा तीच, बसथांबाही तोच. एक सावधगिरी सांगते : सोसायटीची वर्गणी आधी नीट विचारा. घराची किंमत काउंटी ठरवते, वर्गणी ठरवत नाही, आणि मोठ्या इमारतीतल्या फ्लॅटला ती दर महिन्याला चांगलीच बसू शकते. आम्ही पहिल्या वेळी एका फ्लॅटचा विचार त्यामुळेच सोडला होता.

सह्यांच्या दिवशी वकिलाने एक दस्त वेगळा काढून सावकाश वाचून दाखवला. ३० वर्षं हे घर बाजारभावाने विकता येणार नाही. विकायचं तर काउंटीमार्फत, घेतलेली किंमत अधिक महागाई अधिक मान्य केलेल्या सुधारणांचा खर्च, एवढ्याच भावाने. ३० वर्षांच्या आत विकलं तर पुढच्या मालकासाठी नवी ३० वर्षं सुरू. भाड्याने देता येणार नाही, स्वतःच राहायचं. मुदत संपल्यावर बाजारभावाने विकलं, तर जादा नफ्यातला अर्धा वाटा काउंटीच्या गृहनिर्माण निधीत.

दिराला हे ऐकून पटलं नाही. "मग ते तुमचं घर कसं? तीस वर्षांत शेजारी कोट्यधीश होणार." मावसबहिणीनेही तेच विचारलं. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. सुरुवातीला ही अट ५ वर्षांची होती, नंतर १० वर्षांची. १९७६ ते २००५ या काळात काउंटीत अशी ११ हजारांहून जास्त घरं बांधली गेली, आणि विक्रीच्या घरांतली बहुतेक मुदत संपताच बाजारात गेली. पहिल्या मालकाला लॉटरी लागली आणि दुसऱ्या कुटुंबाला काहीच उरलं नाही. २००५ मध्ये काउंटीने मुदत ३० वर्षांवर नेली. ती आधीच नेली असती, तर कदाचित मला दोन वर्षं वाट बघावी लागली नसती. जे घर स्वस्त म्हणून मला मिळालं, ते माझ्यानंतर महाग करायचा हक्क मला हवा, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आम्हाला स्थिर हप्ता मिळाला आणि मुलीची शाळा बदलणार नाही. माझा व्यवहार तेवढ्यात पूर्ण झाला.

शाळेचं एवढ्यासाठी सांगते की मी तिथे रोज असते. या योजनेतल्या घरांपैकी एक तृतीयांशपर्यंत घरं काउंटीची गृहनिर्माण संस्था, हाउसिंग अपॉर्च्युनिटीज कमिशन, विकत घेऊ शकते आणि आमच्याहून कितीतरी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्याने देते. हेदर श्वार्ट्झ या संशोधिकेने २०१० मध्ये त्या कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास मांडला. घर कुठे मिळेल हे त्यांना निवडता येत नव्हतं, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. ज्यांना सुखवस्तू वस्तीतली शाळा लाभली, ती मुलं काही वर्षांत गणितात आणि वाचनात, गरीब शाळांत गेलेल्या त्यांच्यासारख्याच मुलांच्या स्पष्टपणे पुढे गेली. माझ्या वर्गात अशी दोन मुलं आहेत. ती कुठल्या घरात राहतात हे बाकीच्या मुलांना ठाऊक नाही, आणि कळायचं कारणही नाही.

आता आमची जुनी बिल्डिंग विकायला निघाली आहे. गेल्या आठवड्यात तिथल्या शेजारणीने नोटिशीचा फोटो पाठवला आणि घाबरून विचारलं, आता आम्हाला काढणार का? मी तिला नोटीस पुन्हा वाचायला लावली. या काउंटीत भाड्याची बिल्डिंग विकताना मालकाला काउंटीला, गृहनिर्माण संस्थेला आणि भाडेकरूंना आधी कळवावं लागतं. बाहेरच्याने देऊ केलेल्या किमतीला ती आधी घ्यायचा हक्क त्यांचा असतो. भाडेकरूंनी त्यासाठी संघटना नोंदवलेली असावी लागते, आणि त्यांची अजून नाही. शनिवारी सकाळी दहा वाजता सगळे लायब्ररीच्या खोलीत जमतायत. माझी जुनी फाइल आणि घरमालक-भाडेकरू कायद्याच्या प्रती घेऊन मी जाणार आहे. पोहे नवरा करणार आहे, चाळीस जणांना पुरतील एवढे.