एमजीए अपडेट: ३८०० आरपीएमचा खड्डा सापडला

मंडळी, सापडला एकदाचा! मागच्या अपडेटपासून जीव खाणारा तो ३८०० आरपीएमचा खड्डा (त्या वेगाला इंजिन अडखळायचं) फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या छोट्या टाकीत निघाला. पंप, डिस्ट्रिब्युटर, जेट, सगळे निर्दोष.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी एमजीए १५००, म्हणजे पन्नासच्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उजव्या स्टिअरिंगची, आणि आधीच्या कुण्या मालकानं तिच्यात ॲम्बेसिडरचं इंजिन बसवलेलं. यावर नाक मुरडणारे भेटतात, पण मला ते अजिबात पटत नाही. ॲम्बेसिडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल आणि एमजीए १५०० चं इंजिन ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) एकाच बी-सिरीजची भावंडं. बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, दोन्हीकडे तेच. फरक आहे तो कार्बोरेटर, कॅम आणि कॉम्प्रेशनचा. म्हणून ब्लॉक तोच ठेवून वरचं सगळं ७२ बीएचपीच्या मूळ एमजीएच्या तोडीचं, जमल्यास त्याहून सरस करायचं, हा माझा हट्ट. एसयू एच४ कार्बोरेटरची जोडी, पाइपचा एक्झॉस्ट आणि नवा कॅम उन्हाळ्याआधीच चढले. टॅपेटचा आवाज एकसारखा आणि इंजिन पुरतं तापल्यावरही ऑइल प्रेशर ५० पौंडांवर. बोअरिंग करून देणाऱ्या आमच्या चिकलठाण्याच्या चाचांनी गेजकडे बघून नुसती मान हलवली. त्यांच्याकडून एवढी दाद म्हणजे पुष्कळ झालं.

मग सुरू झाला त्रास. आधी उष्णतेचा. बी-सिरीजमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, म्हणजे कार्बोरेटर थेट सायलेन्सरच्या पाइपांवर बसलेले. इंग्लंडच्या हवेत हे चालून जातं. इथे मे महिन्यात पारा ४२ वर, त्यात दौलताबादच्या किल्ल्याच्या अरुंद दरवाज्यात दोन्हीकडच्या बस समोरासमोर अडकल्या की बोनेटखाली भट्टी पेटते. वाट मोकळी होऊन पाय दाबला की गाडी गुदमरायची. चेंबरमधलं पेट्रोल उकळत होतं. यावर उपाय सरळ होता. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये हायलमचा (उष्णता अडवणाऱ्या कडक लॅमिनेटचा) १२ मिमीचा स्पेसर टाकला, मूळ हीट शील्डला मागून ॲल्युमिनियमचा दुसरा पत्रा रिव्हेट केला आणि दोन पत्र्यांत हवेला फट ठेवली. पण स्पेसरनं कार्बोरेटर बाहेर सरकले आणि पुढचा एअर फिल्टर आतल्या विंगला, म्हणजे मडगार्डच्या आतल्या पत्र्याला टेकायला लागला. चाचा म्हणाले, "भाऊ, दोन सूत जागा पाहिजे, आणि पत्रा तर मी ठोकणार नाही." मीही ठोकू दिला नसता. शेवटी फिल्टरच्या मागच्या प्लेटला नवी भोकं पाडून फिल्टर तिरका वर उचलला. आता त्याच्या आणि विंगच्या मधून बोट जातं, बोनेटही नीट बसतं.

उकळणं थांबलं, खड्डा मात्र तसाच. ३८०० ते ४२०० च्या मध्ये मिसिंग, प्लग पांढरेफटक. एक्झॉस्टला वेल्ड करून घेतलेल्या वाइडबँड सेन्सरवर लॅम्डा (१ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त, वर म्हणजे हवा जास्त) ०.८८ वरून एकदम १.०५. (हे मीटर वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: ई२० पेट्रोलवर (२० टक्के इथेनॉलवाल्या) एएफआरचा, म्हणजे हवा-पेट्रोल प्रमाणाचा आकडा बघू नका, लॅम्डा बघा. साध्या पेट्रोलचं १४.७ इथे लागू होत नाही, ई२० चं योग्य प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं.)

इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडणार (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) हे गृहीत धरून आधी कार्बोरेटरच्या जेटमधल्या सुयांवर काम केलं. एसयूच्या सुईचं माप दर १/८ इंचाला, म्हणजे दर सुताला घेतात. सुई जितकी बारीक तितकं पेट्रोल जास्त. वाळूजच्या टूलरूमवाल्या काकांनी सुई छोट्या लेथच्या कॉलेटमध्ये धरली, तेल लावलेला बारीक दगड तिच्यावर नुसता टेकवला, दोन फेऱ्या झाल्या की पुसायचं आणि मायक्रोमीटर लावायचा. चौथ्या सुतापासून सातव्यापर्यंत अर्धा-अर्धा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). दोन्ही सुया एकमेकींशी तंतोतंत जुळेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. असं काम करणारी माणसं एमआयडीसीच्या गल्ल्यांमध्ये बसलेली असताना लोक तयार सुया बाहेरून का मागवतात, मला समजत नाही.

सुयांनी खालचा सगळा पट्टा सुधारला. ४३०० च्या वरही गाडी मस्त ओढायला लागली. मधला खड्डा तेवढा राहिला, आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला. पेट्रोल कमी पडत असतं तर रेव्ह वाढतील तसा त्रास वाढला असता. इथे तर वर गेलं की त्रास गायब! शिवाय गाडी उभी, न्यूट्रलमध्ये नुसती रेस दिली तरी त्याच आकड्याला तीच हालत. म्हणजे लोडचा संबंध नाही, पंपाचाही नाही. ठरावीक आरपीएमलाच होतंय म्हणजे काहीतरी थरथरतंय.

एमजीए ट्विन कॅमची गोष्ट इथे आठवली. १९५८ ते १९६० मध्ये अवघ्या २,१११ बनल्या आणि पिस्टनला भोकं पाडण्यासाठी बदनाम झाल्या. दोष गेला कॉम्प्रेशनला आणि टायमिंगला. पुढे कित्येक वर्षांनी उलगडा झाला की ठरावीक आरपीएमला कार्बोरेटर थरथरून पेट्रोलला फेस येत होता आणि मिश्रण पातळ पडत होतं. कार्बोरेटर लवचीक माउंटिंगवर घेतले की प्रश्न मिटतो. आपलं इंजिन साधं पुशरॉडचं, पण थरथर ती थरथरच.

खात्री करायला काकांकडून फ्लोट चेंबरचं झाकण ॲक्रिलिकच्या ठोकळ्यातून बनवून घेतलं, नीडल सीटच्या आट्यांसकट. ही फक्त चाचणीपुरती वस्तू आहे, हे झाकण लावून रस्त्यावर कुणी जाऊ नये. संध्याकाळी अंधारात, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून इंजिन चालू केलं आणि वरून टायमिंग लाइट, म्हणजे इंजिनच्या तालावर लुकलुकणारा दिवा धरला. ३५०० पर्यंत पृष्ठभागावर बारीक लहरी. ३८०० ला पेट्रोल दिसेनासंच झालं, रवी फिरलेल्या ताकासारखा पांढरा फेस झाकणापर्यंत, आणि त्यात फ्लोट आंधळा होऊन हेलकावतोय. ४३०० ला फेस खाली बसला. मी आणि काका, दोघंही काही वेळ बोललोच नाही. मग पुन्हा पुन्हा रेस देऊन बघत राहिलो.

कारण उघड होतं. फ्लोट चेंबर कार्बोरेटरला रबरी ग्रोमेटवर टांगलेला असायला हवा. बाहेरून मागवलेल्या रिबिल्ड किटमध्ये रबराच्या जागी कडक फायबर वॉशर आलेले, त्यामुळे इंजिनची सगळी थरथर थेट पेट्रोलपर्यंत पोचत होती. या किटवर मी नाराज आहे. जेटच्या ग्लँडचे कॉर्क ई२० मध्ये टिकत नाहीत म्हणून त्यांनी नवे सील दिले, ते उत्तम. पण जिथे रबरच हवं तिथे फायबर देऊन ठेवलं. साधं काळं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, म्हणून वाळूजच्या एका रबर मोल्डिंगवाल्याकडून वायटनचे (इंधनात न फुगणाऱ्या रबराचे) मऊ ग्रोमेट पाडून घेतले. बसवताना बोल्ट जोर लावून आवळू नका. ग्रोमेट चेपला की तो पुन्हा कडक, आणि आपण परत तिथेच. चेंबर बोटानं ढकलल्यावर किंचित हलला पाहिजे, गळता मात्र कामा नये.

रविवारी पहाटे खुलताबादवरून म्हैसमाळ चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये ३००० पासून ५००० पर्यंत एका दमात, लॅम्डा ०.८६ ते ०.८९ च्या बाहेर गेलाच नाही. वर पोचल्यावर प्लग काढले, चारही बिस्किटी रंगाचे. दौलताबादच्या दरवाज्यात परतीला गर्दी लागली, तिथेही गाडी शांतपणे आयडलवर उभी राहिली.

आता पुढचं. मोठा वेबर कार्बोरेटर लावा म्हणणाऱ्यांना उत्तर तेच: बी-सिरीजच्या हेडला इनलेट पोर्टच दोन, आणि एमजीएच्या बोनेटखाली तेवढी रुंदी काढायला आतला पत्रा कापावा लागेल. मी कापणार नाही. हेड घासून कॉम्प्रेशन मूळ ८.३ वर आणायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता विचार बदलतोय. ई२० चा ऑक्टेन ९५ आहे, इथेनॉल आत येणारा चार्जही थंड करतं. आपल्याच मराठवाड्यातल्या उसाचं इथेनॉल त्रास देतंय तर त्याचा फायदा का घेऊ नये? सिलिंडरमागे ३७२ सीसी धरले तर ८.३ ला ५१ सीसी जागा उरते, ९ ला साडेसेहेचाळीस. म्हणजे ८.३ च्या पुढे आणखी साडेचार सीसीच कमी करायचे आहेत. उरलेल्या ॲक्रिलिकची प्लेट करून ब्युरेटनं हेडमधले चारही ज्वलन-चेंबर आधी मोजतो.

फक्त माझ्याकडचं एकुलतं एक हेड घासायला हात धजत नाही. नांदेड, परभणी, लातूर, कुठेही जुन्या १४८९ पेट्रोलचं न तडकलेलं हेड पडून असेल तर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. नंतरच्या ॲम्बेसिडरमधल्या इसुझूच्या १८०० इंजिनचं चालणार नाही.