चावते म्हणून परत आलेली राणी

पुण्याबाहेरच्या आमच्या शेल्टरमध्ये दत्तक गेलेलं कुत्रं परत आलं, की कारण त्याच्या कार्डावर लाल शाईने लिहितात. राणीच्या कार्डावर दोन ओळी होत्या: ‘उठवायला गेलं की चावते’ आणि ‘घरात मुद्दाम लघवी करते’. लॅब्रेडॉर, मादी, नसबंदी झालेली, वजन 34 किलो, कागदावर वय 12. तिला नेणारी माणसं भली होती, पण त्यांच्या मुलाच्या हातावर दात उमटले होते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतली का आणि डॉक्टरांकडे जाऊन रेबीजचं इंजेक्शन सुरू केलं का, हे मी, शेल्टरचा पशुवैद्य, आधी विचारलं. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून माणसाने आपली लस टाळायची नसते. राणीला 10 दिवस नजरेखाली ठेवायचं ठरलं आणि ते लोक गेले.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या कार्डावर ‘स्वभाव’ म्हणून जे लिहून येतं, त्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. तरुण कुत्रं चावलं तर भीती, सवय, शिकवण तपासावी. आठ-नऊ वर्षांचं कुत्रं अचानक चावायला लागलं, तर आधी त्याचं शरीर तपासावं.

म्हणून हात न लावता बघत बसलो. राणी पिंजऱ्यातल्या गोणपाटावर झोपली होती. शेल्टरमध्ये काम करणाऱ्या मामांनी तिच्या पाठीमागून स्टीलची थाळी वाजवली. शेजारची सगळी कुत्री उठून भुंकायला लागली, हिचा कानसुद्धा हलला नाही. ही चाचणी करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वाजवणारा माणूस कुत्र्याला दिसता कामा नये, आणि हवेचा झोत किंवा जमिनीची धडधड त्याच्यापर्यंत पोचता कामा नये. टाळीने हवा हलते, पाय आपटला तर फरशी हलते, आणि मालक खुशीत सांगतात की ऐकू येतंय. मामांनी मग लांब काठीने गोणपाटाचं टोक हलवलं. राणी दचकली, वळली आणि काठीवर तोंड टाकलं. दुसऱ्या क्षणी मामांना ओळखून शेपूट हलवायला लागली. उठली तेव्हा गोणपाटावर तिच्या मागच्या पायांखाली थाळीएवढा ओला डाग होता. तो तिने हुंगला, चाटला. झोपेत गळलेली लघवी होती ती. मुद्दाम लघवी करणारं कुत्रं आपल्याच अंथरुणात करत नाही.

जेवताना आणखी एक दिसलं. दाणे ती डाव्या बाजूने चावत होती आणि उजवीकडून निम्मे बाहेर सांडत होती. ओठ वर केल्यावर उजवीकडची वरची मोठी दाढ, पुढून चौथी, उभी चिरलेली. बाहेरचा पापुद्रा निघालेला आणि आत काळा ठिपका, म्हणजे नस उघडी. कडक हाडं किंवा पिंजऱ्याचे गज चावणाऱ्या कुत्र्यांत हीच दाढ जाते. अशी दाढ दुखत असली तरी कुत्रं जेवण सोडत नाही, त्यामुळे ‘खातंय ना व्यवस्थित’ म्हणून वर्षानुवर्षं कोणी तोंडात बघत नाही.

डोळ्यांत निळसर धूर होता. परत करणाऱ्यांनी मोतीबिंदू सांगितला होता. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारल्यावर डोळ्याच्या मागची हिरवट चमक स्पष्ट परत आली. मोतीबिंदू पिकला असता तर प्रकाश पांढऱ्या भिंतीवर आपटल्यासारखा अडला असता. भिंग वयाने दाट होतं तेव्हा असा धूर दिसतो. साधारण सात वर्षांनंतर तो दिसायला लागतो आणि नजर फारशी जात नाही. दातांची झीज आणि हा धूर बघून मी वय 10 च्या आसपास धरलं. मोठ्या कुत्र्याचं वय कोणी महिन्यासकट सांगितलं, तर तो अंदाज आहे एवढं समजावं.

कानाजवळ हात नेला की गुरगुर. कंबरेवर हात ठेवला की पाठ वाकवायची. म्हणजे ऐकू येत नाही, कान दुखतो, खुबा दुखतो आणि झोपेत कोणीतरी मागून अंगावर हात टाकतं. त्या मुलाने प्रेमाने पाठीवर थोपटलं असणार.

भूल द्यायची ठरली तेव्हा कामावरच्या नव्या मुलीने विचारलं, “एवढ्या वयात भूल झेपेल का?” वय हा आजार नाही, पण वयाबरोबर येणारे आजार आधी शोधावे लागतात. रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन, यकृतासाठी एसजीपीटी बघितलं, छातीचा एक्स-रे काढला. प्लेटलेट मुद्दाम बघतो, कारण आपल्याकडे गोचीडतापाने त्या गुपचूप उतरलेल्या असतात आणि दाढ काढल्यावर रक्त थांबत नाही. लघवी सुईने थेट मूत्राशयातून घेतली, तीही सलाइन लावायच्या आधी. सलाइननंतर घेतलेली लघवी पातळ होते आणि मूत्रपिंडाचा अंदाज चुकतो. राणीची घनता 1.032 आली, म्हणजे मूत्रपिंडं काम करत होती. पण पू-पेशी भरपूर होत्या, म्हणून कोणते जंतू आहेत आणि कोणतं औषध लागू पडेल हे बघायला कल्चरला पाठवली.

सगळं एकाच भुलेत उरकलं. त्या दाढेला तीन मुळं असतात. तिचे ड्रिलने तीन तुकडे करूनच ती काढावी लागते. सबंध ओढायला गेलं तर मूळ मोडून आत राहतं. मग कान. आत तपकिरी, आंबूस वासाचा मळ, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर यीस्ट, म्हणजे बुरशी. धुतल्यावर पडदा शाबूत दिसला. हे बघितल्याशिवाय थेंब लिहून देऊ नयेत, कारण पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानाचं नुकसान करतात. खुब्यांच्या एक्स-रेमध्ये दोन्हीकडे संधिवात होता. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून तिच्या दोन्ही बाजूंना लावल्या होत्या. म्हातारं कुत्रं भुलेत फार लवकर गार पडतं.

कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक दिल्यावर दिवसा थेंब थेंब गळणं थांबलं. झोपेतलं राहिलं. नसबंदीनंतर काही माद्यांत मूत्रमार्गाचा स्नायू ढिला पडतो, त्याला फेनिलप्रोपॅनोलामाइन हे औषध चालतं, पण रक्तदाब तपासून. कान बरे झाले, ऐकू मात्र आलं नाही.

राणीला बघायला आलेल्या काकू कोथरूडच्या, तळमजल्यावर राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त. मी लाल शाईसकट कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी सावकाश वाचलं. “मी 68 ची आहे, डॉक्टर. पिल्लू घेतलं तर माझ्यामागे त्याचं कोण करणार? ही किती वर्षं राहील?” लॅबचं आयुष्य साधारण 10 ते 12 वर्षं, काही 14 पर्यंत जातात, वजन उतरलं तर सांधे बरे राहतील, एवढं सांगितलं.

घर बघायला गेलो तेव्हा नजर आधी फरशीवर गेली. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. खुबा दुखणारं कुत्रं अशा फरशीवर उठताना मागचे पाय फाकवतं, घसरतं आणि मग उठायचंच टाळतं. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत रबरी तळाच्या पट्ट्या टाकायला सांगितल्या. नुसती सतरंजी कुत्र्यासकट सरकते. नखं जमिनीवर टकटक वाजत असतील तर वाढलेली आहेत असं समजून कापायची, पंजाच्या गाद्यांमधले केसही. अंथरूण चार इंच जाड, वर धुता येईल असं वॉटरप्रूफ कापड, आणि जागा वर्दळीच्या वाटेवर नको. पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे असलं की मागून कोणी येतच नाही.

उठवायचं कसं, हे काकूंनी दोनदा विचारून घेतलं. समोरून जायचं, हात नाकापाशी धरायचा, वास गेला की नाकपुड्या हलतात, मगच खांद्याला हात. पाय आपटलेला स्लॅबवर दरवेळी पोचेलच असं नाही. दिवा चालू-बंद केलेला जास्त चांगला. बोलावण्यासाठी खूण एकच ठरवायची, घरातल्या सगळ्यांनी तीच. अंगठा दाखवला की उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. नातवंडं आली तर झोपलेल्या राणीच्या जवळ जायचं नाही. गुरगुरली तर रागवायचं नाही, मागे सरायचं. गुरगुर दाबली, तर पुढच्या वेळी सूचना न देता दात येतात.

जेवणावर मात्र आमची थोडी घासाघीस झाली. काकूंना दूध-पोळी घालायची होती. अनेक मोठ्या कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. राणीचं वजन 34 वरून 28 वर आणायचं, तर 28 किलोच्या हिशेबाने दिवसाला 850 कॅलरी, त्यात एक पोळी 100 खाते. शेवटी कोरडं खाणं 200 ग्रॅम, दोन वेळांत वाटून, आणि बाकी भोपळा, गाजर, थोडं चिकन असं ठरलं. कांदा-लसूण पडलेला रस्सा नाही, द्राक्षं-बेदाणे नाहीत. जुन्या खाण्यावरून नव्यावर 7 दिवसांत हळूहळू जायचं. आठवड्याला शरीराच्या 1 टक्क्याच्या आसपास वजन उतरावं, घाई नको. फिरणं एकदम पाऊण तास नाही, 15 मिनिटं तीनदा, आणि सुरुवातीचे काही आठवडे गळपट्टा व हार्नेस दोन्हींना दोर. नव्या घरातून पळालेलं बहिरं कुत्रं हाकेने परत येत नाही.

संधिवाताची गोळी माझ्याकडूनच, पोटभर जेवणानंतर, आणि मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही हिला द्यायचं नाही, हे मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण आमच्याकडे विषबाधेने येणारी कुत्री बरेचदा याच डब्यातून येतात. गाढ झोपेत श्वास मोजायलाही शिकवलं: मिनिटाला 30 च्या वर सतत राहिला तर फोन करायचा.

पुढच्या तपासणीला वजन 31.4 भरलं. कार्डावर चावल्याची नवी नोंद नाही. झोपेत अधूनमधून अजून गळते, काकूंनी चादरींचा दुसरा संच घेतलाय. नखं मात्र त्यांना कापू देत नाही. पुढचा पंजा धरला की ती थेट त्यांच्या मांडीवर येऊन बसते, 31 किलो. तेवढ्यासाठी त्यांना महिन्यातून एकदा आमच्याकडे यावं लागतं.