न्हाणीघरामागचा दिवा

घरभर एलईडी लागले, पण मागल्या दारी न्हाणीघराच्या भिंतीवरचा जुना सीएफएल मी काढू दिला नाही. एलईडीच्या उजेडात अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून तिथे किडे कमी फिरकतात. मला ते यायला हवे असतात.

पतंग दिव्यावर भाळतो, हे कवींचं म्हणणं. 2024 साली वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणात दिसलं, की तो उजेडाला पाठ दाखवत उडतो. उजेड म्हणजे आकाश, म्हणजे वरची बाजू, एवढाच त्याचा हिशेब. दिवा बाजूला आला की हिशेब चुकतो आणि गिरक्या सुरू होतात. कसलं प्रेम नि कसलं काय!

भाद्रपदात जेवणं उरकली की मी मोबाईल घेऊन भिंतीला नाक लावतो. समोरच्या पतंगालाही नाक असतं. तोंडाजवळचे दोन केसाळ अवयव चोचीसारखे पुढे आलेले. बाजूनं फोटो काढला तरच दिसतात. (तांदळातला सोंडा वेगळा, तो भुंगेरा.) नाकवाल्यांची कुळं दोन, पायरॅलिडी आणि क्रॅम्बिडी. त्यांचे कान पोटाच्या बुडाशी असतात आणि कुळांतला खरा फरक त्या कानांत. आता जिवंत पतंगाचे कान कोण तपासणार? मी आपला कपड्यांवरून ओळखतो.

काकडीच्या वेलावरचा सोपा. पांढरे झिरझिरीत पंख, काळी किनार आणि शेपटाला झुबका. जात्यावरचं पीठ झाडायच्या कुंचल्यासारखा तो हलवत बसतो. पिवळी, पंखावर एकेक काळी टिकली लावलेली मादी दिसली, की शेजारचे काका लांबूनच म्हणतात, "खोडकिडा. यंदा भाताची पळींज होणार, नुसत्या पांढऱ्या पोचट लोंब्या."

परवाचा मात्र तीन रात्री अडून बसला. दुधी पंख, त्यावर गुलाबीसर तपकिरी डाग, पोटाचं टोक वर उचललेलं. शेवटी नाव सापडलं, ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस. आईला फोटो दाखवला.

"अगंबाई, किती नाजूक आहे रे!"

"आई, ही वांग्यातली अळी. मोठी झालेली."

"काय सांगतोस! रविवारी भरल्या वांग्यांतली चार फेकली मी हिच्यापायी."

तिनं चष्मा लावून फोटो पुन्हा मोठा करून पाहिला, आणि आत जाता जाता मागचा दिवा बंद केला.