पाठकोऱ्या कागदांच्या वह्या

लातुरात एक गोष्ट फुकट आणि ढिगानं मिळते, ती म्हणजे एका बाजूनं छापलेला कागद. नीट-जेईईच्या क्लासेसमुळं नांदेड, बीड, परभणी, पार विदर्भातनं पोरं येऊन राहतात इथं, आणि क्लास म्हटला की टेस्ट, टेस्ट म्हटली की पेपर, पेपर म्हटला की झेरॉक्स. मे महिन्यात नीट झाली की रूम खाली करायची एकच घाई असते, गाद्या गावाकडं जातात, कूलर कुणाला तरी विकला जातो आणि कागदाचा गठ्ठा तसाच कोपऱ्यात राहतो. आमच्या वरच्या मजल्यावर मुली भाड्यानं राहतात म्हणून हे सगळं दरवर्षी बघायला मिळतं. रद्दीवाला येतो, काट्यावर टाकतो, नेतो. निम्म्याहून जास्त पानं मागून कोरीकरकरीत असतात हो! ती रद्दीत जाताना बघवत नाही, म्हणून मी त्यांच्या वह्या करते.

आता इंटरनेटवर जर्नल म्हणून जे काय चालतं ते मी पण बघते, नाही असं नाही. चहाच्या पाण्यात बुडवलेले कागद, लेस, वाळलेली फुलं, डिझाइनच्या चिकटपट्ट्या, मेणाचे शिक्के. दिसायला लई भारी. पण कचऱ्यापासून कला म्हणायचं आणि त्या कलेसाठी हजार रुपयांचं सामान ऑनलाइन मागवायचं हे मला काही पटत नाही, आणि दुसरं म्हणजे इतकी सजवलेली वही हातात आली की माणूस त्यात लिहीतच नाही, खराब होईल म्हणून कपाटात ठेवून देतो. माझं मत विचाराल तर वही म्हणजे शिलाई आणि घडी, या दोन गोष्टी नीट जमल्या की वही टिकते आणि सपाट उघडते, मग वरून काही चिकटवा नाहीतर चिकटवू नका.

सगळ्यात सोपी वही आपण सगळ्यांनी लहानपणी केलेलीच आहे. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की मागच्या वर्षीच्या वह्यांमधली उरलेली कोरी पानं काढून रफ वही. पिनांच्या वहीत एक गंमत असते, मधल्या पिना सरळ करून काढल्या की पानं जोडपानं म्हणूनच हातात येतात, म्हणजे घडी घातलेली जुजं, म्हणजे एकात एक घातलेल्या जोडपानांचे गठ्ठे, आयतीच तयार. एक पान ओढून फाडलं की पलीकडचं त्याचं जोडीदार पान पण सुटतं, म्हणून फाडायचं नाही, पिना उचकटायच्या. एकरेघी, दुरेघी, गणिताची चौकटीची, सगळी पानं एकत्र येतात आणि ती मिसळण मला तरी आवडते, एका पानावर हिशोब, दुसऱ्यावर चित्र, कुणी विचारत नाही.

टेस्ट पेपरचं मात्र वेगळं करावं लागतं कारण ती पानं सुटी असतात आणि एक बाजू छापलेली. इथं युक्ती अशी की छापील बाजू आत जाईल अशी ए-फोर कागदाची मधोमध घडी घालायची, म्हणजे दोन्हीकडून कोरं असं एक दुहेरी पान तयार होतं. अशी पानं एकावर एक रचायची, घडीची कड बाहेरच्या बाजूला आणि उघड्या कडा शिलाईच्या बाजूला. चीन-जपानकडची जुनी पुस्तकं अशीच असायची, कागद एकाच बाजूनं छापायचे आणि घडी घालून शिवायचे, त्यामुळं हे काही मी शोधलेलं नाही. कडेपासून दीडेक सेंटिमीटर आत चार भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकाशी दोरा पाठीवरून गुंडाळत शिवत जायचं. गठ्ठा हलू नये म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे दोन्हीकडं. पान दुहेरी असल्यामुळं शाईपेननं लिहिलं तरी मागं उमटत नाही हा मोठाच फायदा. तोटा एवढाच की ही वही पूर्ण सपाट उघडत नाही, शिलाईकडची पट्टी वाया जाते. आणि उजेडात धरलं तर आतली बेंझिनची रिंग पुसट दिसते, मला तर ते छान वाटतं, डायरीत स्वतःचं रडगाणं लिहिताना मागून ऑरगॅनिक केमिस्ट्री डोकावत असते.

सपाट उघडणारी पाहिजे असेल तर जुजबंदीच करावी लागते, म्हणजे चार-पाच कागदांची एकत्र घडी घालून एक जुज, आणि ते जुज घडीच्या रेषेवर शिवायचं. इथं कागदाच्या धाग्याची भानगड येते. कागदाला पण कापडासारखी उभी-आडवी वीण असल्यागत एक दिशा असते, कारखान्यात लगदा जाळीवरून पुढं सरकतो तेव्हा त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेनं पडतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर गपकन बसते, आडवी घातली तर घडी फुगते आणि पानं ताठ उभी राहतात. ओळखायचं कसं तर वर्तमानपत्र उभं फाडून बघा आणि आडवं फाडून बघा, एकीकडं सरळ फाटेल, दुसरीकडं वाकडंतिकडं. झेरॉक्सच्या ए-फोर कागदात ही दिशा बहुतेक वेळा लांबीच्या बाजूनं असते. म्हणून ए-फोरची एकच घडी घालून केलेली वही नेहमी जरा ताठरते, आणि तोच कागद आधी मधून आडवा कापून दोन तुकडे केले आणि मग प्रत्येक तुकड्याची घडी घातली तर दिशा बरोबर पाठीच्या बाजूनं येते. म्हणजे खिशात मावणारी, साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या आसपासची छोटी वही ए-फोरमधून सगळ्यात चांगली होते. दुकानातली महागाची वही आणि घरची वही यात हाताला जो फरक लागतो ना तो बऱ्याचदा एवढाच असतो.

शिलाई अगदी सोपी. घडीवर तीन भोकं, एक मधे आणि दोन टोकांकडं. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत घालायची, आतल्या आत मधलं भोक सोडून सरळ खालच्या भोकापर्यंत जायचं, तिथून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत मधोमध आली, त्यांच्या मधे तो लांब टाका आहे, एक टोक टाक्याच्या इकडं आणि एक तिकडं ठेवून गाठ मारायची, झालं. दोरा कागदाला समांतर ओढायचा, उभा ओढला की भोक फाटतं.

दोऱ्यासाठी मी गोलाईत, म्हणजे लातूरच्या जुन्या बाजारपेठेत, चक्कर मारायचे आधी, सोळा रस्ते फिरून वाकळ शिवायचा जाड दोरा आणायचा, पण खरा माल मोंढ्यात, धान्याच्या बाजारात आहे. सोयाबीन-तुरीची पोती शिवतात तो दोरा. आडत दुकानाच्या कट्ट्यावर बसलेल्या हमालमामांना मागितला तर म्हणाले, "ताई, हा काय साडीला लावायचाय का?" वही शिवायला म्हटल्यावर त्यांनी दाभण कसं धरायचं तेच दाखवलं मला, अंगठ्यानं नाही तर तळहातानं रेटायचं, मी इतके दिवस उगाच अंगठा दुखवून घेत होते. त्या दुकानात पाडव्याला पूजलेल्या लांब लाल चोपड्या पण होत्या, कापडी पुठ्ठ्याच्या, मधून वाकणाऱ्या, गुंडाळून दोरी बांधायची. बघत बसले किती वेळ. पोत्याचा दोरा जरा केसाळ असतो, मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदोनदा ओढून घेतला की गुळगुळीत होतो आणि गाठ पण घसरत नाही.

पुठ्ठ्याची चंगळ लग्नसराईत. पत्रिका! हल्ली पत्रिका म्हणजे एवढ्या जाड की त्यावर पोळ्या लाटाव्यात. पण त्यात दोन अडचणी. एक, वर चकचकीत प्लास्टिकचा थर असतो, त्याला काही चिकटत नाही, मग पॉलिश पेपरनं जरा खरवडून घ्यावं लागतं. दोन, गणपती. मी कात्री घेतली की सासूबाई हजर, "हे काय करायलीस गं, देवाचं चित्र कापायलीस?" आता त्यावर तोडगा असा निघालाय की गणपतीचा भाग अख्खा ठेवायचा आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लावायचा, नाहीतरी आपल्याकडं वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहितातच, त्यामुळं त्यांचं पण समाधान आणि माझं पण काम. नवरानवरीची नावं आतल्या बाजूला जातात. शर्टाच्या घडीतला पुठ्ठा, साडीचा खोका, कॅलेंडरची मागची जाड पाठ, हे सगळं चालतं. मिठाईचा खोका चालत नाही, तूप शोषलेल्या पुठ्ठ्यावर खळ धरतच नाही. आणि एक सांगते, कपाशीच्या बियाण्याची रिकामी पाकिटं चकचकीत दिसतात म्हणून गावाकडची पोरं गोळा करतात, ती नका वापरू, बियाण्याला औषध चोळलेलं असतं.

पुठ्ठ्यावर कापड लावायचं तर ब्लाउज पीसचे तुकडे टेलरकडं मागा, पोतंभर देईल. जुन्या इरकली लुगड्याचा काठ असला तर सोन्याहून पिवळं, पाठीच्या पट्टीला तो लावायचा, कारण काठ घट्ट विणलेला असतो आणि वही उघडझाक झाली तरी झिजत नाही. कापड थेट पुठ्ठ्यावर लावलं की खळ वर झिरपून डाग पडतात, म्हणून आधी कापडाच्या मागं पातळ कागद चिकटवून वाळू द्यायचा आणि मग ते पुठ्ठ्यावर. खळ घरचीच, एक वाटी मैदा असेल तर पाच वाट्या पाणी, आधी गार पाण्यात गुठळी मोडायची, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरटपणा जाऊन जरा काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचे, पण ते विषारी, घरात लेकरं असतील तर नकोच, त्यापेक्षा लागेल तेवढीच करा. पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी येते तिला. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा, फेविकॉल लावेपर्यंत वाळतो आणि एकाच बाजूनं कागद चिकटवलेला पुठ्ठा पापडागत वळतो. दोन्ही बाजूंनी कागद लावायचा आणि रात्रभर ज्वारीच्या डब्याखाली दाबून ठेवायचा, सरळ राहतो.

मला बरेच जण विचारतात की कागद पण घरीच का नाही करत, वर्तमानपत्र भिजवून मिक्सरमधून काढून चाळणीवर. करता येतो की. आपल्या मराठवाड्यात तर याची मोठी परंपरा आहे, दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं, तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांनी तिथं कागद करायला सुरुवात केली असं सांगतात, आणि तो कागद चिंध्या भिजवून कुटून केलेला. म्हणजे भंगारातून वही हा प्रकार आपल्याकडं इन्स्टाग्रामच्या कितीतरी शतकं आधीचा. पण लगद्याला पाणी लागतं, बादल्याच्या बादल्या. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागरी लावलेल्या बाईला कागद धुवायला पाणी ओतायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून मी लगद्याच्या वाटेला जात नाही. कोरी बाजू आहे ना, मग ती लिहायला वापरा, लगदा करायची गरज काय.

उरलेल्या बारीकसारीक तुकड्यांचं सांगायचं तर काठाच्या पट्ट्या खूणपट्टी म्हणून जातात, कॅलेंडरच्या गुळगुळीत पानांची आहेराची पाकिटं होतात, आणि टेलरकडच्या दोऱ्याच्या रिकाम्या कोनांना चिंध्या गुंडाळून पेन ठेवायला केलेत, बरे दिसतात, फार काही नाही. खरी मागणी वह्यांनाच. वरच्या मुलींनी मागच्या वर्षी चुका लिहायची वही म्हणून नेल्या, टेस्टमध्ये जे चुकलं ते त्याच टेस्टच्या पाठीवर परत सोडवायचं, ही आयडिया त्यांचीच.

आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकू. त्यांना उधारीची वही पाहिजे होती, लांबट, वरून उघडणारी, खिळ्याला टांगता येईल अशी. करून दिली, पोत्याचाच दोरा, शर्टाचा पुठ्ठा, वर लुगड्याचा काठ. परवा साखर आणायला गेले तर म्हणतात, "पोरी, वही झकास आहे, पण पानं लई मजबूत केलीस बघ. कुणी उधारी फेडली की मी पान टराटरा फाडून त्याच्या हातात देते, हे फाटंना झालंय." आता काकूंसाठी वरच्या कडेला सुईनं टोचून टिंबांची रेघ मारलेली वही करायला घेतलीय, शिलाई मशीनमध्ये दोरा न घालता कागद चालवला की तशी रेघ पडते. सुई बोथट होते तेवढी, जुनीच सुई लावा.