दोन पहाटा आणि एक बुधवार

खजुराहोला जायचं ठरलं तेव्हा तीन दिवस भरपूर वाटले होते. एक दिवस देवळं, एक दिवस जवळच्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, एक दिवस हाताशी. वही घेऊन बसले तेव्हा कळलं की दिवस पुष्कळ आहेत, पहाटा कमी पडताहेत. इथली बहुतेक देवळं पूर्वाभिमुख. सकाळचं तिरपं ऊन भिंतींवर पडतं तेव्हाच मूर्ती उठून दिसतात, दुपारी सगळा दगड एकसारखा पिवळा. आणि सफारीच्या गाड्याही उजाडतानाच सुटतात. एका पहाटेत दोन्ही बसत नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला बॅगा भरून परतीच्या वाटेला लागायचं होतं.

म्हणून बेत असा केला: बुधवारी सकाळी देवळं, बुधवारी दुपारी सफारी, गुरुवारची पहाट राखीव. मध्य प्रदेश वनविभागाच्या ऑनलाइन बुकिंगवर बुधवार दुपार काही केल्या दिसेना. मला वाटलं, साइट अडकली. तीनदा लॉगिन केलं, नवऱ्याच्या फोनवरून केलं, एकदा रात्री एक वाजता उठूनही केलं. मग नियम वाचले. बुधवारी दुपारी सफारी बंद असते. राज्यातल्या बाकीच्या व्याघ्र प्रकल्पांतही तसंच. नियम आधी वाचले असते तर झोप वाचली असती! त्याच पानावर १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असतं हेही लिहिलेलं होतं. म्हणजे ‘पावसाळ्यात जाऊ, धबधबे भरलेले असतात’ हा नवऱ्याचा मूळ बेत तर पारच बारगळला असता.

शेवटी गुरुवारची पहाट सफारीला दिली, मडला गेट. खजुराहोहून साधारण पंचवीस किलोमीटर. हिनौता गेट पन्ना गावाच्या बाजूला पडतं. तिकडे धुंधवा सेहा नावाची खोल दरी आहे आणि तिच्या कड्यांवर गिधाडं. मला ती बघायची होती, पण सासूबाईंना पहाटे तीनला उठवण्याची माझी हिंमत झाली नाही.

बुकिंग करताना प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो आणि तेच ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी कळलं की सासूबाईंचा मी मतदार कार्डाचा क्रमांक भरलाय आणि त्यांनी पर्समध्ये आधार ठेवलंय. ‘अगं, सगळीकडे आधारच लागतं,’ त्या म्हणाल्या. मतदार कार्ड कपाटाच्या लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली देवघरात, देवघरात नेमकी कुठे यावर अर्धा तास. सफारीचा परवाना, जिप्सी (उघडी जीप) आणि गाइड यांचे पैसे वेगवेगळे असतात हेही ध्यानात ठेवा. ऑनलाइन पैसे भरले म्हणजे सगळं झालं, असं नाही.

जाताना मुंबईहून महानगरी एक्सप्रेसने सतना. ही गाडी मध्यरात्रीनंतर सुटते, त्यामुळे तिकिटावरची तारीख दोनदा वाचा. सतन्याहून टॅक्सीने पन्ना, मडला, मग बमीठ्याला वळून खजुराहो. पोचेपर्यंत रात्र झाली. हॉटेलाबाहेर एकाने लगेच गाठलं: ‘परवाना मी देतो, वाघ पक्का.’ आमच्या हातात परवाना होता म्हणून हसता आलं. नसता तर त्याला पैसे मोजून बसलो असतो.

बुधवारी सूर्योदयालाच देवळांच्या पश्चिम समूहाच्या फाटकावर. भारतीयांना ४० रुपये तिकीट. आत शिरल्यावर पहिला तासभर आम्ही सोडून आठ-दहाच माणसं. लक्ष्मण मंदिर दहाव्या शतकातलं, यशोवर्मन या चंदेल राजाने बांधायला घेतलेलं. त्याच्या समोरच्या मंडपात एकाच दगडातला वराह उभा आहे आणि त्याच्या अंगभर शेकडो छोटे देव कोरलेत. कंदारिया महादेवाचं शिखर एकतीस मीटरच्या आसपास, लहान लहान शिखरं एकमेकांच्या खांद्यावर चढत गेलेली. आमच्या गाइडने सांगितलं की या देवळांचा वालुकाश्म पन्नाच्या जंगलातून वाहणाऱ्या केन नदीच्या काठच्या खाणींतून आणला. तोवर जंगल आणि देवळं या माझ्या वहीत दोन वेगळ्या रकान्यांत होत्या.

सासूबाईंना घेऊन खजुराहो म्हटल्यावर मैत्रिणींनी मला बरंच छेडलं होतं. प्रत्यक्षात अवघडलो ते मी आणि नवरा. सासूबाई काठी टेकत शिल्पांचा एकेक पट्टा पोथी वाचावी तसा वाचत होत्या. ‘ते’ शिल्प आल्यावर क्षणभर थांबल्या, ‘हं’ म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या रमल्या दुसऱ्याच बायकांत, काजळ घालणाऱ्या, आरशात बघणाऱ्या. बाहेर आल्यावर कुंपणालगतच्या मतंगेश्वराला गेलो. तिथे आजही पूजा चालते, तिकीट नाही. अडीच मीटर उंचीचं शिवलिंग. सासूबाईंच्या मते इतक्या सगळ्या देवळांत हाच एक देव घरी होता.

रिकामी पडलेली बुधवार दुपार राणेह धबधब्याला दिली, वीसेक किलोमीटरवर. जानेवारीच्या शेवटी पाणी जेमतेम, पण त्यामुळेच घळ दिसते: पाच किलोमीटर लांब, तीस मीटर खोल, गुलाबी, लाल, राखाडी ग्रॅनाइट. पावसाळ्यात हे रंग पाण्याखाली जातात. हा सगळा भाग केन घडियाल अभयारण्यात येतो. घडियाल म्हणजे आपली सुसर. नराच्या नाकाच्या टोकाला मडक्यासारखा फुगवटा असतो, त्यावरून हे नाव. हिवाळ्यात सुसरी वाळूवर ऊन खायला येतात, असं वाचून दुर्बीण आणली होती. दिसली एक मगर, तीही इतकी निश्चल की नवरा शेवटपर्यंत ‘ओंडका आहे’ म्हणत राहिला.

गुरुवारी पावणेपाचला निघालो. उघड्या जिप्सीतली थंडी घरी बसून कळत नाही. स्वेटर, शाल, मफलर, त्यावर हॉटेलची रजई. सासूबाईंनी मांडीवर गरम पाण्याची पिशवीच घेतली होती आणि सात वाजेपर्यंत आम्ही सगळे त्या पिशवीकडे हेव्याने बघत होतो. वयस्कर माणसांना मधल्या रांगेत बसवा, मागच्या सीटवर कंबर मोडते. गेटवर ओळखपत्रं तपासली. मतदार कार्ड त्यांनी स्वतः, जरा तोऱ्यातच, पुढे केलं. जिप्सी आणि गाइड नंबराने मिळतात, निवडता येत नाहीत. आम्हाला कमी बोलणारा गाइड मिळाला आणि बरं झालं.

साग, करधई, वाळलेलं गवत, मधूनच केनचं पात्र. चितळं, सांबरं, एक चौशिंगा. मग एकदम ‘कॉल है’ म्हणत गाइडने गाडी थांबवायला लावली. वाघ जवळपास असल्याचा सांबराचा इशारा. वीस मिनिटं कुणी हललं नाही. काही आलं नाही. त्या शांततेत त्याने हळू आवाजात पन्नाची गोष्ट सांगितली. २००९ मध्ये इथे एकही वाघ उरला नव्हता. मग बांधवगड आणि कान्हाहून एकेक वाघीण आणली, पेंचहून एक नर. तो नर काही दिवसांतच जंगल सोडून दक्षिणेला, पेंचच्या दिशेने चालू लागला. जवळपास महिनाभर हत्तींवरून त्याचा माग काढून त्याला परत आणलं. २०१० च्या एप्रिलमध्ये पहिली पिल्लं झाली.

‘म्हणजे दोघी लेकी सासरी नांदल्या,’ सासूबाई म्हणाल्या, ‘आणि माहेरची ओढ त्या बाप्यालाच!’ मी भाषांतर केल्यावर गाइड पहिल्यांदा मोठ्याने हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

केनच्या काठी थांबलो तेव्हा केनचं पाणी बेतवा नदीकडे वळवणाऱ्या केन-बेतवा जोड प्रकल्पाचा विषय निघालाच. डिसेंबर २०२४ मध्ये खजुराहोत त्याची पायाभरणी झाली. दौधनच्या धरणाने याच जंगलाचा काही भाग पाण्याखाली जाणार आहे. बुंदेलखंडाला पाणी हवंय, यात वाद नाही. पण ज्या जंगलात वाघ शून्यावरून परत आणला तिथे बसून ते ऐकणं मला जड गेलं. गाइड एवढंच म्हणाला, ‘पानी भी चाहिए, मॅडम.’

परतताना त्याच रस्त्यावर वाघाचे ठसे होते. आमच्याच चाकांच्या खुणेवर उमटलेले. म्हणजे आम्ही पुढे गेल्यावर तो निवांत रस्ता ओलांडून गेला होता. मागच्या जिप्सीला दिसला. त्यांनी गेटवर फोटो दाखवला तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुपारी पूर्व समूहातली जैन मंदिरं पाहिली. पार्श्वनाथाच्या भिंतीवर पायातला काटा काढणारी बाई आहे. सासूबाई तिच्यापाशी इतका वेळ उभ्या राहिल्या की चतुर्भुज मंदिराला उशीर होतो की काय, असं मला वाटलं. चतुर्भुज मात्र मुद्दाम संध्याकाळसाठी ठेवलं होतं, कारण ते पश्चिमाभिमुख आहे. साडेपाचच्या सुमाराला ऊन दारातून आत सरकलं आणि नऊ फुटांच्या त्या मूर्तीवर पायापासून वर वर चढत गेलं. आत आम्ही तिघंच.

सासूबाई पायरीवर बसल्या, काठी आडवी ठेवली.

‘उद्या पहाटे कुठे जायचंय गं?’

‘कुठेच नाही, आई. उद्या झोपा.’