नेदरलँड्समधली लेखी सूट

भारतातून कोणी आलं की ॲमस्टरडॅम स्टेशनच्या बाहेर पडताच विचारतं, "अरे इथे गांजा लीगल आहे ना?" तर नाहीये. कायद्याने अजूनही गुन्हाच, फक्त कॉफीशॉपवाल्याने (म्हणजे गांजा विकणारं दुकान, तिथे कॉफीसाठी फारसं कोणी जात नाही) ठरलेल्या अटी पाळल्या तर सरकारी वकील खटला भरत नाहीत. अमली पदार्थांवरच्या १९६१च्या यूएन करारामुळे सरळ लीगल करणं अवघड, म्हणून हा कानाडोळा. १९७६ला कायदा बदलून गांजा-चरस एकीकडे आणि हेरॉईन वगैरे दुसरीकडे असं वेगळं केलं, कारण गांजा घ्यायला गेलेल्या पोराला तोच विकणारा हेरॉईन पण दाखवेल ही भीती होती.

आणि ही सूट तरी किती कडक! एका माणसाला ५ ग्रॅमच्या वर नाही, १८च्या आतल्याला आत घ्यायचं नाही, जाहिरात नाही, दारू नाही, दुकानात ५०० ग्रॅमच्या वर माल नाही. आणि हे सगळं लेखी. आपल्याकडे मात्र कोणाला सोडायचं ते चौकातला ट्रॅफिक हवालदार तोंड बघून ठरवतो. मला त्यातली माणुसकी आवडते, खरंच, हॉस्पिटलला धावणाऱ्याला पावती फाडू नये हे बरोबरच आहे, पण नगरसेवकाचा भाचा पण तसाच सुटतो ना.

तरी इथलंही सगळं आलबेल नाही. दुकानदाराने विकलं तर चालतं, पण त्याने माल आणायचा कुठून? पिकवणं गुन्हा, घाऊक पुरवणं गुन्हा. म्हणजे पुढच्या दाराला टॅक्स भरणारं दुकान आणि मागच्या दाराला सरळ गुन्हेगारांशी व्यवहार, आणि हे इतकी वर्षं सगळ्यांना माहीत असून चाललं! शेवटी डिसेंबर २०२३ला ब्रेडा आणि टिलबर्गमध्ये परवान्याने पिकवलेला माल विकायचा प्रयोग सुरू झाला, मग आणखी काही शहरं आली. माझ्या मते फारच उशीर केला.

एका डच कलीगला मी जरा टेचात सांगितलं की आमच्या १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलं-शेंडे, नुसती पानं त्यात धरत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत. तो शांतपणे म्हणाला, "मग ती पानं येतात कुठून, मागच्या दाराने?"