कोणाची हो ही?

माझ्या जुन्या हत्यारांच्या छंदाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहून काढतेय, नाहीतर तोंडी सांगायला लागले की मधे चहा येतो आणि अर्धं राहूनच जातं.

आमच्याकडे कोणीही पहिल्यांदा आलं की हॉलमधल्या हत्यारांच्या काचेच्या कपाटापाशी थबकतं. आधी ह्यांना विचारतात, "छंद तुमचा का?" हे माझ्याकडे बोट दाखवतात. मग जरा गडबडून माझ्याकडे वळतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "कोणाची हो ही?" म्हणजे कोणत्या सरदाराची, शिंद्यांकडची की होळकरांकडची, निदान पटवर्धनांची तरी. मी म्हणते, शिपायाची. कुठल्या? माहीत नाही. की चेहरा पडतो, लग्नात पंगत बसल्यावर जिलबी संपली म्हणून सांगितल्यासारखा.

पण मला तेच हवंय. मी जे जमवते ते साधारण १७७० ते १८०५ मधलं, आणि ह्या तीस-पस्तीस वर्षांची गंमतच ही आहे की हत्यार माणसाचं न राहता सरकारचं व्हायला लागलं. आधीही थोडं होतंच म्हणा. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं आणायचा, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळायचं. शिलेदाराची तलवार आजोबांची असेल, हुंड्यात आलेली असेल, लुटीतली असेल, तिला घराणं असतं. पण महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये डी बॉयन नावाच्या युरोपियन सेनानीला नोकरीत घेतलं आणि पायदळाचे कंपू, म्हणजे कवायती तुकड्या, उभे केले तेव्हा हे घराणं वगैरे चालेनासं झालं, कारण एका रांगेतल्या सगळ्या बंदुकांना एकाच मापाची गोळी लागायला हवी ना. एकाची नळी जाड, दुसऱ्याची बारीक, मग गोळ्या वाटायच्या कशा? म्हणून आग्र्याला कारखाना निघाला, सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली, तिथे तोफा ओतायचे आणि बंदुका बनवायचे, बंदूक पडायची दहा रुपयांना आणि विलायतीच्या तोडीची असायची असं म्हणतात. दहा रुपयांच्या बंदुकीवर कोण कशाला नाव घालेल?

माझी पहिली वस्तू विकत घेतलेली नाही. वाईकडे माझं आजोळ, तिथे गोठ्यात म्हशीचं दावं बांधायला भिंतीत एक लोखंडी खुंटी ठोकलेली होती. लहानपणापासून बघत होते, तिला तीन कडा आहेत हे मात्र लग्नानंतर कधीतरी लक्षात आलं. बाहेर उपटली तर दीड फुटाला थोडं कमी, तीनधारी, मागे नळी, नळीत नागमोडी खाच. संगीन! बंदुकीच्या तोंडावर बसवून फिरवायची म्हणजे त्या खाचेत अडकते आणि नळी मोकळी राहते, म्हणजे संगीन लावलेली असतानाही बार काढता येतो. मामा म्हणाले, ने खुशाल, पण जाताना दुसरी खुंटी लावून जा. हार्डवेअरच्या दुकानातून आणून लावली, ती दुसऱ्याच आठवड्यात वाकली. ही दोनशे वर्षं म्हैस धरून होती (बरं, दोनशे नसेल, मामांच्या आजोबांपासून तर नक्की).

मग वाचायला लागले, आणि बँकेतल्या नोकरीची सवय, शिक्का दिसला की तपासायचा. कंपनी सरकारच्या बंदुकांवर शिक्के भरपूर असतात. माझ्याकडे अख्खी बंदूक नाही, मुद्दामच नाही, ते पुढे सांगते. फक्त खटका आहे, म्हणजे घोडा, गारगोटी धरायचा जबडा आणि रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, ठेवायची छोटी लोखंडी वाटी, सगळं एका पट्टीवर बसवलेलं. त्या पट्टीवर बदामाचा शिक्का आहे, बदामाचे चार भाग, त्यात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि वर ४ चा आकडा. युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी, तेव्हा यू च्या जागी व्ही काढायचे. हाच बदाम कंपनीच्या मालाच्या गाठोड्यांवर असायचा. म्हणजे कापडाचा गठ्ठा आणि बंदूक, दोन्ही एकाच हिशेबात! १८०८ च्या सुमाराला बदाम जाऊन सिंह आला, त्यामुळे नुसता शिक्का बघूनही आधीचं की नंतरचं ते कळतं. घोड्याच्या मागे बनवणाऱ्याचं नाव आणि साल पण असतं, माझ्या खटक्यावर १७९६ आहे, नाव घासून गेलंय.

ही कंपनीची बंदूक म्हणजे ३९ इंची नळीची. त्याआधी इंग्रजी सैन्यात ४६ आणि ४२ इंची होत्या. कंपनीने हिंदुस्थानातल्या फौजेसाठी आखूड आणि स्वस्त नमुना काढला आणि १७९३ नंतर फ्रान्सशी लढाई जुंपल्यावर इंग्लंडच्या सरकारला बंदुका पुरेनात तेव्हा त्यांनी कंपनीचीच उचलली, पुढे तोच नमुना स्वतःसाठी करून घेतला. आपल्याकडच्या युद्धांसाठी केलेली काटकसर अशी नेपोलियनशी लढायला गेली. हे मला फार आवडतं, पाहुण्यांना फारसं आवडत नाही.

आणि खर्ड्याची लढाई घ्या, मराठे आणि निजाम यांच्यातली. मार्च १७९५. निजामाकडे रेमंडच्या पलटणी, शिंद्यांकडे पेरॉनच्या, दोघेही फ्रेंच. दोन्हीकडे फ्रेंच कवायत, दोन्हीकडे चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुका. शिवाय दोन्हीकडे जामगीच्या, म्हणजे पेटत्या वातीच्या, जुन्या बंदुका घेतलेलेही लोक होतेच. खर्ड्याच्या रानात उद्या एखादा खटका सापडला तर तो मराठ्यांचा की निजामाचा हे कोण सांगणार? विकणारा मात्र सांगतो. ठामपणे सांगतो.

तेव्हा विकणाऱ्यांबद्दल. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे मी वीसेक वर्षं जातेय, चांगली माणसं आहेत, पण "पेशवेकालीन" हा शब्द ऐकला की मी आता पर्स घट्ट धरते. एका विक्रेत्याकडून (बाजारातला नव्हे, घरी येऊन दाखवणारा होता) मी एक तलवार घेतली होती, मुठीवर सोन्याचं काम, पात्यावर देवनागरीत नाव, अगदी सरदाराचं. तीन पगार गेले. वर्षभराने एका जाणकारांनी ती हातात घेतली, परजेच्या, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या पट्टीच्या, खाली नखाने खरवडलं आणि म्हणाले, ताई, हा गंज ॲसिडचा आहे. गंज सगळीकडे सारखा होता, हातात धरायच्या जागी पण आणि कोपऱ्यात पण, खरा असा नसतो. शिवाय मुठीत राळ नव्हती, चक्क आजकालचा एपॉक्सी गोंद. जुन्या तलवारीचं शेपूट, म्हणजे पात्याचं मागचं टोक, मुठीत राळ ओतून बसवलेलं असतं, ती सुकून मूठ थोडी खुळखुळते आणि ग्राहकाला वाटतं खराब आहे. खुळखुळणारी मी आता आधी बघते.

नावाचीच किंमत असते हे मला मान्य आहे. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार घेतली, ४७ लाख १५ हजार रुपये. पातं युरोपातलं, म्हणजे फिरंग, आणि त्यावर सोन्यात सेनासाहेबसुभा रघूजींचं नाव. ती परत आली, फार बरं झालं, तिची जागा म्युझियममध्येच. पण तसंच विलायती पातं नावाशिवाय असेल तर बघायला पण कोणी थांबत नाही, आणि मग ते माझ्यासारखीला परवडतं.

मूठ हातात धरायला दिली की अजून एक वाक्य हमखास, "हात लहान होते वाटतं तेव्हाचे." नव्हते हो. तर्जनी परजेवरून पुढे टाकून धरायची असते, आणि मुठीच्या मागची चकती मनगटाला टेकते, त्यामुळे मनगट फारसं वाकतच नाही, वार खांद्यातून ओढून करावा लागतो. इंग्रजी पद्धतीने धरली तर आखूडच वाटणार.

बंदूक का नाही ते. शस्त्र कायद्यातल्या ४५ कलमात जुन्या वस्तूंना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनसुद्धा वापरता येणार नाही अशी असली पाहिजे, आणि ठासणीची चांगली बंदूक दुरुस्त होते, हाच तर तिचा चांगुलपणा. तलवारींसाठी मी पोलीस स्टेशनला जाऊन विचारून आले होते, तुम्हीही तुमच्या भागातलं विचारा. आणि अमेरिकेतल्या भाच्याला सांगून ठेवलंय, शंभर वर्षांच्या वरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, १९७२ चा कायदा आहे, त्यामुळे "मावशी एक बॅगेत टाकू का" हे विचारू नकोस.

खंडेनवमीला मात्र आमच्याकडे दर वर्षी भांडण. सासूबाई होत्या तोवर हळदकुंकू पाण्यात कालवून पात्याला बोटं ओढायच्या, झेंडूचं ओलं फूल वर, आणि दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत पात्यावर त्याच फुलाच्या आकाराचा गंज. आता कुंकू म्यानाला, फूल पाटावर, आणि पात्याला तेलाचा बोळा. पॉलिश पेपर अजिबात नाही, तेवढं कोणी माझ्या समोर नाव काढू नका, एका ओळखीच्यांनी पॉलिश पेपर मारून पात्यावरचा अख्खा लेख पुसून टाकलाय आणि वर "चकचकीत झाली ना" म्हणून फोटो पाठवला.

संगिनीला पण फूल असतं, पहिलं तिलाच. साफ करताना तिच्या नळीवर शेणामातीच्या खाली ठोकलेला आकडा निघाला, ३१, पलटणीत ज्याची त्याची ओळखता यावी म्हणून घालायचे तो. तेव्हा आता कोणी विचारलं की मी सांगते, एकतीस नंबरवाल्याची. आणि त्यानंतर म्हशीची.